छोट्या कारखान्याची वेगवान बोट: जुनी घेण्याआधी काय काय बघायचं

जुनी वेगवान पॉवरबोट घ्यायला निघालेला नवखा माणूस आधी इंजिन बघतो, मग रंग आणि शेवटी बाजूवरचं नाव. विकणारालाही हेच हवं असतं. पण इंजिन उद्या बदलता येतं आणि रंग आठवड्याभरात नवा होतो. तळ मात्र एकदाच साच्यातून निघतो, आणि तो कसा निघाला हे बोट असेपर्यंत सोबत राहतं. म्हणून आपण खालून वर जाऊ आणि इंजिनाकडे शेवटी बघू.

हा लेख अमेरिकेतल्या छोट्या कारखान्यांच्या बोटींबद्दल आहे, साधारण सोळा ते तीस फुटांच्या. एक शेड, मोजके कारागीर आणि स्वतः बोट आखणारा, स्वतःच ती पळवून बघणारा मालक, असा हा कारभार. मोठ्या कंपनीत हजारावी बोट पहिलीसारखीच निघते. इथे तसं नसतं. शर्यतीवाल्या गिऱ्हाइकाला हलकी बोट हवी म्हणून फायबरग्लासचा, म्हणजे काचेच्या कापडाचा, एक थर कमी दिला जातो. दुसरा मोठं इंजिन बसवणार असतो, त्याला मागे जादा थर मिळतात. मॉडेल एकच, साचा एकच, पण बोटी दोन. तेव्हा ‘या कंपनीच्या बोटी दणकट असतात’ असं कुणी सांगितलं तर ऐकून घ्या, आणि समोरची बोट स्वतः तपासा.

पहिलं काम: वंशावळ लावा

या बोटींची गोष्ट तळाच्या आकारापासून सुरू होते. रेमंड हंट या आरेखकाने खोल व्ही आकाराचा तळ विकसित केला. तोवर बहुतेक वेगवान बोटी नाळेपाशी, म्हणजे पुढच्या टोकाला, धारदार आणि मागे जवळजवळ सपाट असत. हंटने तो व्ही पार मागच्या टोकापर्यंत नेला. मागच्या टोकाला तळाची बाजू आडव्या रेषेपासून सुमारे २४ अंश वर चढलेली असते. या कोनाला डेडराइज म्हणतात. १९६०च्या मायामी ते नासाऊ शर्यतीत समुद्र खवळलेला होता. त्यात रिचर्ड बर्ट्रामची ‘मॉपी’ ही हंटच्या आरेखनाची लाकडी बोट पहिली आली, आणि खोल व्ही तळाबद्दलची शंका मिटली. त्याच आकारावरून पुढे फायबरग्लासची बर्ट्राम ३१ निघाली.

मग आला डॉन अॅरोनॉ. फॉर्म्युला, १९६४ मध्ये डॉन्झी, १९६६ मध्ये मॅग्नम आणि त्यानंतर सिगारेट. कंपनी काढायची, तिच्या बोटीने शर्यती जिंकायच्या, कंपनी विकायची आणि पुन्हा नवी काढायची, असा त्याचा शिरस्ता होता. हे सगळं मायामीच्या उत्तरेला ईशान्य १८८व्या रस्त्यावर चालायचं. बोट बांधणाऱ्यांची इतकी दाटी झाली की त्या रस्त्याला ‘थंडरबोट रो’ हेच नाव पडलं. डॉन्झीच्या सुरुवातीच्या छोट्या बोटींमागे जिम विन आणि वॉल्ट वॉल्टर्स यांची आरेखनं होती. हाच विन स्टर्नड्राइव्हच्या जनकांपैकी एक. इंजिन बोटीच्या आत आणि प्रोपेलर फिरवणारा पाय बाहेर, अशी ही रचना व्होल्व्हो पेंटाने १९५९ मध्ये बाजारात आणली.

जुनी बोट घेणाऱ्याला हा इतिहास कशाला हवा? कारण नाव आणि हात यांची फारकत फार लवकर झाली. कंपनी विकली गेली की नाव नव्या मालकाकडे जातं. आरेखक तिसरीकडे जातो. फायबरचे थर देणारा कारागीर त्याच रस्त्यावर पलीकडच्या शेडमध्ये कामाला लागतो. एकाच नावाच्या दोन बोटींमध्ये दहा वर्षांचं अंतर असेल तर त्या दोन वेगळ्या माणसांनी बांधल्यात असंच धरून चाला. विचारायचा प्रश्न एवढाच: ही बोट कोणत्या साली, कोणत्या शेडमध्ये आणि कुणाच्या मालकीच्या काळात बांधली गेली?

सगळे छोटे कारखाने फ्लोरिडातच होते असंही नाही. टेनेसीत अॅलिसनने तळाच्या मधोमध जाणाऱ्या कण्याच्या मागच्या भागात अरुंद सपाट पट्टी ठेवून, म्हणजे पॅड काढून, हलक्या आउटबोर्ड, म्हणजे इंजिन मागे बाहेर लटकवलेल्या, बोटी पळवल्या. मिनेसोटात हायड्रोस्ट्रीम होती. मिशिगनमधल्या डग्लस गावी पीटर हलेडिनच्या स्केटर कॅटामरान, म्हणजे दोन तळांच्या जोडबोटी, बांधल्या जातात. खोल व्ही, पॅड आणि कॅटामरान ही तीन वेगवेगळी कुळं आहेत, आणि तिन्ही चालवायची तऱ्हा वेगळी. खवळलेल्या समुद्रात खोल व्हीला तोड नाही. शांत पाण्यावर कमी ताकदीत वेग हवा असेल तर पॅडची बोट, पण ती चालवायला शिकावं लागतं. जास्त वेगाच्या कॅटामरानला पहिली बोट म्हणून हात लावू नका, हे माझं स्पष्ट मत.

दुसरं काम: ट्रान्समवरचा नंबर वाचा

बोटीची मागची उभी भिंत म्हणजे ट्रान्सम. तिच्या उजव्या बाजूला, वरच्या कडेजवळ, बारा अक्षर-आकड्यांचा नंबर कोरलेला असतो. १ नोव्हेंबर १९७२ पासून अमेरिकेत तो सक्तीचा आहे, त्याआधीच्या बोटीवर नसला तर घाबरू नका. पहिली तीन अक्षरं बांधणाऱ्याची असतात आणि कोणती अक्षरं कुणाची हे तिथल्या कोस्ट गार्डच्या यादीत सापडतं. पुढची पाच क्रमांकाची. शेवटची चार तारखेची.

नवखे अडखळतात ते या शेवटच्या चारांवर. ऑगस्ट १९८४ नंतरच्या बोटीवर ती ‘डी५९५’ अशी दिसतील. इंग्रजी वर्णमालेतलं चौथं अक्षर म्हणजे एप्रिल, ५ म्हणजे १९९५ मध्ये बांधकाम, आणि ९५ म्हणजे मॉडेलचं वर्ष. त्याआधी दोन पद्धती चालत. एकीत सरळ महिना आणि वर्ष, म्हणजे ‘०३७६’ असेल तर मार्च १९७६. दुसरीची सुरुवात एम या अक्षराने होते, मग मॉडेल वर्ष, आणि शेवटी महिन्याचं अक्षर. या पद्धतीत ए म्हणजे जानेवारी नसून ऑगस्ट, कारण मॉडेल वर्ष ऑगस्टपासून मोजलं जाई. हे ठाऊक नसल्यामुळे कागदावर एक साल आणि बोटीवर दुसरं, असा घोळ होतो.

कागदावरचा नंबर आणि बोटीवरचा नंबर एकेक अक्षर जुळवून घ्या. नंबराभोवतीचा जेलकोट, म्हणजे फायबरवरचा बाहेरचा रंगीत लेप, वेगळ्या छटेचा दिसला, घासल्यासारखा वाटला किंवा नंबर वेगळ्या पट्टीवर रिव्हेट मारून बसवलेला असला, तर आधी खुलासा मागा आणि मगच किमतीचं बोला. १९८४ नंतरच्या बोटींवर हाच नंबर आत कुठे तरी झाकलेल्या जागीही असतो.

नंबर खरा असला तरी साचा कुणाचा, हा प्रश्न उरतोच. दुसऱ्याची चांगली पळणारी बोट आणायची, तिच्यावरून थेट साचा काढायचा आणि आपल्या नावाने विकायची, हा धंदा या क्षेत्रात सर्रास चालला. फ्लोरिडाने १९८३ मध्ये कायदा करून तो बंद करायचा प्रयत्न केला. बोनिटो बोट्स विरुद्ध थंडर क्राफ्ट बोट्स या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये तो कायदा रद्द ठरवला: ज्याला पेटंट नाही त्याला राज्याने पेटंटासारखं संरक्षण देऊ नये, हे कारण. पुढे १९९८ मध्ये संसदेनेच बोटींच्या आरेखनासाठी वेगळा कायदा केला. नोंदणी केली तर दहा वर्षं संरक्षण मिळतं. मधल्या काळात मात्र चांगला तळ म्हणजे गावजेवण झालं होतं.

म्हणून अनोळखी नावाची बोट हुबेहूब एखाद्या नामांकित बोटीसारखी दिसली तर नवल नाही. नक्कल असली म्हणून ती टाकाऊ ठरत नाही. मात्र नक्कल करणारा साच्यातले दोषही उचलतो, आणि बहुतेक वेळा आत थर किती, कोणते आणि कोणत्या दिशेने होते हे त्याला ठाऊक नसतं. आकार मिळाला, पण आतली हाडं त्याने आपल्या अंदाजाने घातली. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा.

तिसरं काम: तळाखाली झोपा

हे शब्दशः घ्या. बोट ट्रेलरवर असेल तर खाली सतरंजी टाका आणि पाठीवर पडा. सोबत पाच-सहा फुटांची सरळ धातूची पट्टी, टॉर्च आणि प्लॅस्टिकच्या डोक्याची हातोडी हवी.

पट्टी कण्याला समांतर, मागच्या पाच फुटांत तळाला लावा आणि पलीकडून टॉर्च मारा. पट्टी आणि तळ यांच्यामधून उजेडाची फट दिसते का ते बघा. पट्टीची दोन्ही टोकं टेकली आणि मध्ये फट राहिली तर तळ मागे खाली वळलेला आहे, म्हणजे हुक आहे. अशी बोट नाळ पाण्यात दाबून चालते आणि वेग धरत नाही. उलट पट्टी मध्ये टेकली आणि टोकं सुटली तर रॉकर. ही बोट वेगात नाळ वर-खाली आपटत राहील. दोन-तीन मिलिमीटरची फटसुद्धा ताशी शंभर किलोमीटरला जाणवते. मागचा हा भाग सरळ राहण्यासाठी चांगले बांधणारे साचाच तासन् तास पट्टी लावून घासत. बोट बरीच वर्षं चुकीच्या ट्रेलरवर, म्हणजे मागच्या काठाला आधार नसलेल्या ट्रेलरवर उभी असेल, तर मूळ सरळ असलेला तळही वाकतो. ट्रेलरचे आधार ट्रान्समच्या अगदी खालपर्यंत येतात का, तेही बघा.

मग कडा. पाण्यावर तरंगत पळणाऱ्या बोटीला मागच्या काठावर पाणी झटकन सुटायला हवं. ट्रान्सम आणि तळ जिथे मिळतात ती कड, तसेच तळावर लांबीभर गेलेल्या उंच पट्ट्यांच्या, म्हणजे स्ट्रेकच्या, कडा धारदार असाव्यात. कड गोलसर असेल तर पाणी वळून वर चढतं आणि वेग खातं. साच्यातून गोल कड सहज निघते. तीक्ष्ण कडेत मात्र काचेचं कापड नीट बसत नाही आणि हवा अडकते, म्हणून तिथे आधी जाडसर भरण देऊन मग थर चढवावे लागतात. घाईत काम केलेल्या बोटीत तीक्ष्ण कडेवर नख दाबलं तरी टवका उडतो आणि आत पोकळी दिसते. कारागिराचा हात ओळखायला मला तळावरची याहून चांगली जागा माहीत नाही.

आता हातोडी. हलक्या हाताने दर दोन-तीन इंचांवर ठोकत जा. चांगल्या जागी आवाज टणक आणि आखूड येतो. थर सुटले असतील किंवा आतलं लाकूड कुजलं असेल तिथे तो भद्द येतो. आवाज बदलला की तिथे खडूने खूण करायची. सगळं ठोकून झाल्यावर मागे सरकून खुणांचा आकार बघा. एकच छोटा डाग असेल तर दुरुस्ती होते. खुणांची ओळ आतल्या आडव्या भिंतीच्या किंवा तळाला आतून बळ देणाऱ्या लांब तुळईच्या, म्हणजे स्ट्रिंगरच्या, रेषेत येत असेल, तर आतला सांगाडा तळापासून सुटलाय.

जेलकोटच्या भेगाही वाचता येतात. चांदणीसारख्या भेगा म्हणजे काही तरी आपटलंय. स्ट्रेकच्या मुळाशी समांतर बारीक रेघा म्हणजे तळ तिथे लवतोय. काही हलक्या बोटींच्या चकाकीत कापडाची वीण उमटलेली दिसते, तो दोष नव्हे.

चौथं काम: आतले थर

बैठक आणि गालिचा काढल्याशिवाय बोट विकत घेऊ नका. डॅशबोर्डखाली, इंजिनाच्या बाजूला, जिथे अस्तर नाही तिथे टॉर्च मारा. विणलेल्या कापडाचे चौकडे स्पष्ट दिसत असतील तर हाताने थर दिलेत. सगळीकडे विस्कटलेले आखूड तंतूच दिसत असतील तर बंदुकीने तंतू आणि रेझिन फवारलंय. फवारणी वाईटच असते असं नाही, पण जाडी फवारणाऱ्याच्या मनगटावर ठरते आणि तेवढ्याच ताकदीसाठी वजन जास्त लागतं.

ताकद काचेत असते, रेझिन तिला जागेवर धरून ठेवतं. हाताने रोलर फिरवलेल्या कामात वजनाने साधारण निम्मं किंवा त्याहून जास्त रेझिनच असतं. ते कमी करायला काही बांधणारे ओल्या थरांवर प्लॅस्टिकची पिशवी पसरून आतली हवा ओढून घेतात, म्हणजे बाहेरच्या हवेचाच दाब थर एकमेकांवर आवळतो आणि जादा रेझिन निघून येतं. दोन पातळ कातड्यांच्या मध्ये बाल्सा लाकूड किंवा फोम घातला की बोट हलकी आणि कडक होते. मात्र त्या बोटीत कुणी नंतर स्क्रू मारला आणि भोक नीट बंद केलं नाही, तर पाणी गाभ्यात शिरतं. जुन्या बोटीत मूळ भोकांपेक्षा मालकांनी पाडलेली भोकं जास्त घातक असतात. शिडी, स्पीकर, खोली मोजायचं यंत्र, पाण्याचे नळ, सगळ्यांची मुळं तपासा.

ट्रान्समची परीक्षा सोपी आहे. आउटबोर्ड किंवा स्टर्नड्राइव्हचा खालचा भाग दोन्ही हातांनी धरून जोरात वर-खाली हलवा, आणि दुसऱ्या कुणाला ट्रान्समच्या वरच्या कडेकडे बघायला सांगा. कड हलता कामा नये. बोल्टखालच्या चकत्या फायबरमध्ये रुतल्या असतील तर आतलं प्लायवूड मऊ झालंय. मालकाची परवानगी असेल तर सगळ्यात खालचा एक बोल्ट काढा. भोकातून तपकिरी पाणी ठिबकलं किंवा भोकात फिरवलेल्या ड्रिलच्या टोकाला काळा ओला भुगा आला, तर बाकी तपासणी थांबवून ट्रान्सम नवा करण्याच्या खर्चावर या. सत्तर-ऐंशीच्या दशकांतल्या बहुतेक बोटींत ट्रान्समला प्लायवूडच आहे, त्यामुळे हे काम कधी ना कधी निघणारच. आधीच्या मालकाने केलं असेल तर त्याचे फोटो मागा. वरून चकचकीत आणि फोटो एकही नाही, हे मला कधीच पटत नाही.

पाचवं काम: आकडे पडताळा

आता इंजिन. विकणारा वेग सांगतो तेव्हा दोन ढोबळ हिशेब जवळ असावेत.

पहिला ताकदीचा. बोटीचं वजन पौंडांत घ्या, त्याला अश्वशक्तीने भागा, उत्तराचं वर्गमूळ काढा आणि १९० ला त्याने भागा. वेगवान रनअबाउटसाठी, म्हणजे छोट्या उघड्या बोटीसाठी, ताशी मैलांत अंदाज मिळतो. ४,००० पौंड आणि ४०० अश्वशक्ती: भागाकार १०, वर्गमूळ ३.१६, वेग ताशी सुमारे ६० मैल. ताकद दुप्पट करून ८०० केली तर वेग १२० होत नाही, सुमारे ८५ होतो. छोट्या बांधणाऱ्यांनी वजनाच्या मागे का धावावं, ते या वर्गमुळात आहे. वजन पेट्रोल आणि माणसांसकट धरा.

दुसरा प्रोपेलरचा. इंजिनाच्या मिनिटाच्या फेऱ्यांना गिअरच्या गुणोत्तराने भागा, प्रोपेलरच्या पिचने (न घसरता एका फेऱ्यात तो जेवढे इंच पुढे जाईल त्याने) गुणा आणि १,०५६ ने भागा. ५,००० फेरे, १.५ गुणोत्तर आणि २६ इंच पिच असेल तर ताशी ८२ मैल. हा काल्पनिक वेग झाला. जीपीएसवर ७३ दिसत असेल तर घसरण ११ टक्के, म्हणजे ठीक. कुणी म्हणालं की याच जोडणीत ९० गाठतो, तर एक तर पिच खोटी, नाही तर फेरे, नाही तर माणूस. घसरण २० टक्क्यांवर गेली तर प्रोपेलर, इंजिनाची उंची किंवा तळ, यातलं काही तरी बिघडलंय.

२० फुटांपेक्षा लहान बोटीवर क्षमतेची पट्टी असते, आणि आउटबोर्ड असेल तर जास्तीत जास्त अश्वशक्तीही त्यावर लिहिलेली असते. मागे लटकलेलं इंजिन त्याहून मोठं असेल तर विमा कंपनीला आधी विचारा.

सहावं काम: पाण्यावर

घोडामैदान जवळच आहे, पण चाचणीला मालकालाच चालवायला लावा आणि तुम्ही शेजारी बसा. पेट्रोल इंजिन आत असेल तर सुरू करण्याआधी किमान चार मिनिटं ब्लोअर, म्हणजे इंजिनखान्यातली पेट्रोलची वाफ बाहेर काढणारा पंखा, चालू ठेवतात का, हे बघा. जो इथे घाई करतो त्याने बोटीची बाकी निगा कशी राखली असेल ते समजतं. तातडीने इंजिन बंद करणारी दोरी चालवणाऱ्याच्या अंगाला अडकवलेली असावी. अमेरिकेत २६ फुटांपेक्षा लहान बोटीवर असा स्विच बसवलेला असेल तर तरंगत पळताना ती वापरणं १ एप्रिल २०२१ पासून सक्तीचं आहे. सुकाणू बंद केबिनमध्ये नसेल तर कायदा नसता तरी ती लावायलाच हवी.

तुमच्या हाती सुकाणू आलं की पहिल्या दिवशी पूर्ण थ्रॉटल नको. ट्रिम, म्हणजे इंजिनाच्या पायाचा कोन, आत ठेवून बोट पाण्यावर उचला, मग थोडी थोडी ट्रिम बाहेर न्या. नाळ लयीत वर-खाली होऊ लागली तर ट्रिम जरा आत. खोल व्ही किंवा पॅडची बोट एका वेगानंतर कण्यावर उभी राहून डावी-उजवीकडे झुलायला लागते. याला चाइन वॉक म्हणतात. झोके प्रत्येक फेरीला वाढत जातात, आणि घाबरून थ्रॉटल एकदम सोडला तर नाळ घुसते. थ्रॉटल हळूहळू उतरवायचा, सुकाणू सरळ. अनुभवी चालक छोट्या छोट्या हालचालींनी झोका सुरू व्हायच्या आधीच मोडतो, पण ते शेजारी बसून शिकायचं, लेख वाचून नाही. सुकाणूत हाताला ढिलेपणा लागत असेल तर झोके आपोआप सुरू होतात. म्हणून वेगवान बोटीला दोन केबलचं किंवा हायड्रॉलिक सुकाणू असतं. एकाच जुन्या केबलवर ताशी ६० मैलांची बोट दिसली तर चाचणी तिथेच संपवा.

सातवं काम: पाहणी आणि विमा

एवढं सगळं करूनही व्यावसायिक पाहणी करणारा बोलवाच. सॅम्स किंवा नॅम्स या अमेरिकेतल्या बोट-पाहणी करणाऱ्यांच्या संघटनांचा मान्यताप्राप्त असावा, त्याने फायबरच्या वेगवान बोटी पाहिलेल्या असाव्यात, आणि विकणाऱ्याने सुचवलेला नसावा. बोट पाण्याबाहेर आणि पाण्यात अशा दोन्ही ठिकाणी दाखवा. तुमच्या खडूच्या खुणा पुसू नका, त्याला त्यांवरूनच सुरुवात करू द्या.

बंद पडलेल्या छोट्या कारखान्याच्या बोटीला बाजारभाव असा नसतो. सामान्य विम्यात नुकसान झाल्यावर घसारा वजा करून रक्कम मिळते, आणि तीस वर्षांच्या बोटीवर ती हास्यास्पद निघते. आधीच ठरवलेल्या किमतीचा विमा मागा. त्यासाठी कंपनी पाहणीचा अहवाल, नंबराचा फोटो आणि ट्रान्सम, स्ट्रिंगर यांच्या कामाच्या पावत्या मागते. अहवाल फार जुना झाला तर नवा करून आणायला सांगतात, तेव्हा बोटीचे पैसे देण्याआधी विम्याचं लेखी उत्तर हातात असू द्या.